खाऱ्या हवेतली रशियन सुरी

गुहागर, मृग

पाऊस धरला की रशियन सुरी म्यानात ठेवायची नाही, हा माझ्या घरचा नियम. म्यान चामड्याचं आहे. जूनपासून इथल्या हवेत चामडं सुकतच नाही. चपलांवर, कमरपट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, आणि आत पोलाद असेल तर सगळी ओल त्याला बिलगून राहते. मुठीपुढच्या पितळेवर हिरवा कळंक चढतो तो वेगळाच. म्हणून आज म्यान रिकामं करून, आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबून, चुलीच्या वर धूर लागेल असं टांगलं. सुरी गोड्या पाण्याने धुतली, कोरडी पुसली आणि घरच्या खोबरेलाचा हात फिरवून फडताळात उघडीच ठेवली. खोबरेल जवसाच्या तेलासारखं वाळून चिकट होत नाही, आणि उद्या याच पात्याने कैरी चिरली तरी धास्ती नाही.

ही सुरी धाकट्या काकांच्या मुलाने आणली. दादा जहाजावर असतो. गुहागर-दापोलीकडे घरटी कोणीतरी जहाजावर असतोच. सेंट पीटर्सबर्गला जहाज लागलं असताना त्याने ती घेतली. पातं १३ सेंटिमीटर, पाठीला जेमतेम अडीच मिलिमीटर जाड, पोटाकडे वळत टोकाला गेलेलं. चाकूसारखी मिटत नाही. पात्याचं शेपूट मुठीतून थेट मागच्या टोकापर्यंत गेलंय आणि तिथे पक्कं केलंय. वोर्स्मा गावच्या कारागिराने ती हाताने केलेली आहे. हे गाव नीझनी नोव्हगोरोद प्रांतातलं. ते आणि शेजारचं ओका नदीवरचं पाव्लोवो ही दोन्ही पूर्वी शेरेमेतेव घराण्याची जहागीर होती, आणि तिथले भूदास लोहारकाम, कुलपं, सुऱ्या करून पोट भरत. धंदा अजून तिथेच आहे.

मला तिची मूठ सगळ्यात प्रिय. ती लाकडाची नाही, बर्चच्या सालीची आहे. सालीचे चौकोनी तुकडे कापायचे, प्रत्येकाला मधोमध भोक पाडून शेपटात एकावर एक ओवायचे, दाबून घट्ट करायचे आणि मग घासून आकार द्यायचा. जवळून पाहिलं तर एका इंचात कितीतरी थर दिसतात, गडद तपकिरी, मध्येच फिकट, कुठे लालसर. हात लावला की गार लागत नाही. उणे तीस अंशांत धातूची मूठ हाताला चटका देते, म्हणून तिकडच्या शिकाऱ्यांना ही साल हवी असते. मला तिचा उपयोग दुसराच: मासळी साफ करताना हात कितीही बुळबुळीत झाले तरी मूठ सटकत नाही.

बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद. काश्मीरकडच्या जुन्या पोथ्या ज्या भूर्जपत्रावर लिहिल्या, त्याच जातकुळीचं झाड. रशियात नोव्हगोरोदला (हे नीझनी नोव्हगोरोद नव्हे, दुसरं शहर) १९५१ पासून जमिनीतून मध्ययुगातली पत्रं निघतायत, बर्चच्या सालीवर कोरलेली. हिशेब, निरोप, पोराने गिरवलेली अक्षरं. शतकानुशतकं चिखलात राहून ती वाचता येतात. हे कळल्यापासून मुठीला पावसाचं काही होईल ही काळजी मी सोडली. जपायचं ते विस्तवापासून, कारण ही साल ओली असली तरी भुरकन पेटते. म्हणून म्यान चुलीवर टांगलं तरी सुरी चुलीपासून लांब.

पोलादाचं मात्र उलट आहे. तिकडे ते ज्याला एक्स-१२-एमएफ म्हणतात ते हे पोलाद. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम. कारखान्यांतून ठोकळे आणि साचे करायला वापरतात त्या डी-टू पोलादाचं हे जवळचं नातेवाईक. १२ टक्के क्रोमियम ऐकून कोणीही म्हणेल, मग याला गंज कसला? पण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण कणांच्या रूपात बसलेलं असतं. गंजाला अडवायला मोकळं उरतं ते थोडं. रशियातल्या कोरड्या थंडीत तेवढं पुरतं. इथे वेळणेश्वरच्या वाऱ्यावर रात्रभर तेलाविना राहिली तर सकाळी मोहरीएवढे तांबडे ठिपके येतात. कोकमाचं पाणी लागलं तर पात्यावर काळसर निळे डाग उमटतात. ते मी घासून काढत नाही. ते इथले आहेत, राहू देत.

धार हा या पोलादाचा खरा मान. आमच्या लोहाराने गाडीच्या पाट्यापासून ओढलेल्या कोयतीवर कानस चालते, किसही पडतो. या सुरीवर तीच कानस नुसती घसरते. अंगणातल्या दगडावरही काम होत नाही, पातं चकचकीत होतं पण धार येत नाही, कारण ते कठीण कण दगडातल्या वाळूपेक्षा कठीण असतात. त्यासाठी हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. पण एकदा धार बसली की आठवडेच्या आठवडे सुंभ, नायलॉनचा दोर, सुपारीची विरी (पोफळीच्या झावळीचं जाड आवरण) कापत राहावं, तिला पत्ता नसतो. काथ्या धारेचा वैरी आहे, त्यातली वाळू पात्याला खाते. तो सहज कापणारी ही पहिलीच सुरी मी पाहिली.

वाडीत नारळ पाडायला येतात त्या तात्यांनी ती एकदा हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ह्याला वजनच नाय!" त्यांचं बरोबर होतं. कोयती वजनाने चालते, हात फक्त वाट दाखवतो. झावळ छाटायची, फांटा तोडायचा तर कोयतीच हवी. ही सुरी आपटली तर धारेचा कपचा उडेल, इतकी ती कठीण. ओढून कापायचं, सोलायचं, चिरायचं हे तिचं काम. सुरमईच्या पोटात टोक घालून एका ओढीत उघडावी, फणसाचा गाभा काढावा (आधी दोन्ही बाजूंना तेल लावून, नाहीतर चीक निघता निघत नाही), केळीचं पान शिरेपासून उतरवावं. कलमं बांधायला मी ती वापरत नाही. कलमाच्या सुरीला एकाच बाजूने धार असते, तसा सपाट काप ही देत नाही, आणि आंब्याच्या रोपावर हौस भागवू नये.

कमरेला ती वाडीतच असते. घराच्या गडग्यापासून खाली समुद्राच्या बांधापर्यंत, तेवढीच तिची हद्द. कायदा मी वाचला आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. माझी पाच इंचांची. पण सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, त्यात सुरे बाळगण्याला बंदी असते. तशीही शिमग्याच्या पालखीत, बाजारात, एसटीत कमरेला सुरी लावून उभं राहणं मला पटत नाही. कोयती आकडीला अडकवून रस्त्याने जाणारा माणूस कामाला चाललाय हे दहा जण ओळखतात. परदेशी सुरीचं तसं नाही, ती पाहणाऱ्याच्या मनात आधी भीती येते. लोकांना भीती घालून मिरवण्यात मला काडीचाही आनंद नाही.

त्यामुळे धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जायचं असलं तरी ती घरी राहते. पण बोटीतून पलीकडचा धक्का दिसला की तिचा देश आठवतोच. पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन घोडा घेऊन चौलला उतरला आणि परतताना याच दाभोळहून जहाजात बसला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. बिचारा आपल्या गावी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याच्या कमरेलाही एखादी सुरी असणार, आणि तिलाही इथल्या खाऱ्या वाऱ्याने ठिपके पाडले असणार.

खंडेनवमीला ती कोयती, पहार, विळी यांच्या रांगेत पाटावर असते. हळदकुंकू पात्याला लावू देत नाही, पितळेला लावतो. ओलं कुंकू पात्यावर राहिलं की तिथेच गंज धरतो. आईला आधी ते रुचलं नव्हतं. आता तीच सगळ्यांना बजावते.

पुतण्या यंदा दहावीला आहे. गेल्या सुट्टीपासून सुरी मागतोय. मी म्हटलं, आधी घरच्या विळीला धार लावून दाखव. परवा त्याने लावली, चांगली लावली. मग त्याला हिऱ्याची पट्टी दिली आणि कोन कसा धरायचा ते दाखवलं: पाठ पट्टीपासून दोन नाण्यांएवढी उचललेली, हात हलका, दोन्ही बाजूंना सारखे हात. पाऊस थोडा उघडला की वाडीतले बांधाचे जुने दोर काढायचे आहेत. ते काम त्याला देणार आहे, आणि त्या दिवसापुरती सुरी त्याच्या कमरेला. संध्याकाळी धुऊन तेल लावायचं कामही त्याचंच.