गढी, आश्रम आणि वास्तू

मे २०२२. पंधरा तारखेला रोममध्ये दहा जणांना संतपद मिळणार होतं. त्यांत आपल्याकडचे देवसहायम होते आणि फ्रेंच शार्ल द फुकोही. एका पुस्तिकेतला फुकोंवरचा फ्रेंच मजकूर मराठीत करायचा होता. "अर्जंट आहे, ताई," पुस्तिका काढणारे फादर म्हणाले. अर्जंट नसलेलं काम मी अजून पाहिलेलं नाही. मानधन मात्र निवांत येतं.

माझं घोडं नेहमी एखाद्या साध्या नामापाशी अडतं. या वेळी 'बोर्ज'पाशी अडलं.

अल्जीरियाच्या दक्षिणेला तमानरासेत. आधी फौजी अधिकारी, मग संन्यस्त झालेले फुको १९०५ मध्ये तिथे सहारातल्या तुआरेग लोकांत राहायला गेले. पहिलं महायुद्ध चालू असताना त्यांनी हा बोर्ज बांधला. मातीच्या विटांच्या जाड भिंती, कोपऱ्यांना बुरूज, भोवती खंदक, आत विहीर, धान्य आणि फ्रेंच फौजेच्या बंदुका. धाड पडली तर आसपासच्या गरिबांना आत घेता यावं, हा हेतू. मी लिहिलं 'गढी'. स्वतःवर खूश होते, कारण बोर्ज आणि आपला बुरूज एकाच अरबी शब्दाची लेकरं.

प्रूफ आलं. गढीवर काट, वर 'आश्रम'.

"ताई, गढी म्हटलं की लोकांना इनामदार आठवतो," फादर फोनवर म्हणाले.

"फादर, आश्रमात बंदुका नसतात."

"मग बंदुकांचा उल्लेख तरी कशाला?"

गंमत म्हणजे त्याच प्रुफात त्यांनी माझी खरी चूक पकडली होती. मी फुकोंना 'रक्तसाक्षी' म्हणजे श्रद्धेपायी प्राण दिलेला म्हटलं होतं. चर्चने त्यांना संत केलं, पण रक्तसाक्षी म्हणून नाही. एवढा काटेकोर माणूस बंदुकांपाशी कसा काय ढिला पडला?

जुलै १९१६ मध्ये फ्रेंच लेखक रने बाझँना लिहिलेल्या पत्रातला उल्लेखही उडाला. उत्तर आफ्रिकेतले मुसलमान ख्रिस्ती झाल्याशिवाय खरे फ्रेंच होणार नाहीत, असं फुकोंनी त्यात म्हटलं होतं. कारण दिलं, 'जागा नाही'. विश्वबंधू या बिरुदाला मात्र चौकट मिळाली.

मला फुकोंची बाजू घ्यावीशी वाटते, हीच पंचाईत. अल्जीरियातल्याच बेनी अब्बेसला त्यांनी पैसे देऊन गुलाम सोडवले, गुलामगिरीकडे काणाडोळा करणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांवर चिडून पत्रं लिहिली. १९०८ मध्ये दुष्काळात ते अंथरुणाला खिळले, तेव्हा तुआरेगांनी शेळ्यांचं दूध जमवून त्यांना जगवलं. आणि तो कोश! तुआरेग-फ्रेंच, चार खंड, त्यांच्या मृत्यूनंतर १९५१-५२ मध्ये त्यांच्याच हस्ताक्षरात छापलेला. एकेका शब्दामागे अर्थाच्या बारीक छटा. शब्दांवर पोट असलेल्या माणसाने तो उघडला की हात जोडावेसे वाटतात. पण ते जोडताना हेही माहीत असतं की हाच माणूस तिथली खबर आपल्या फौजी मित्रांना कळवत होता.

तासभर घासाघीस झाली. मी 'कोट' सुचवला, फादरांनी 'निवासस्थान'. शेवटी छापलं 'वास्तू'. नगरपालिकेच्या कोनशिलेवरचा शब्द. हो म्हणणारी मीच.

१ डिसेंबर १९१६ च्या संध्याकाळी ओळखीच्या माणसाने हाक दिली, टपाल आलंय. फुकोंनी ते घ्यायला हात बाहेर काढला आणि धाड घालायला आलेल्यांनी तोच हात धरून त्यांना ओढून काढलं. पुढे त्यांच्यावर पहाऱ्याला ठेवलेल्या पोराने गडबडून गोळी झाडली. पुस्तिकेत हे वास्तूच्या दारात घडतं. माझ्या फाइलीत अजून गढीच्या.