सी भाषेत स्मॉल अक्षराचं कॅपिटल: प्रश्न वजाबाकीचा नाही

आस्की या इंग्रजी अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात कॅपिटल 'ए' ६५ वर, स्मॉल 'ए' ९७ वर. 'झेड'ची जोडी ९० आणि १२२. फरक सगळीकडे ३२. म्हणजे ३२ वजा केले की काम झालं. फक्त त्याआधी बाइट ९७ ते १२२ मध्ये आहे का, हे पाहायला हवं.

ही तपासणी गाळून सरसकट ३२ शी एक्सऑर (ठरावीक बिट उलटवणारी क्रिया) करणारा कोड अधूनमधून दिसतो. ३२ म्हणजे एकच बिट, त्यामुळे अक्षरांची अदलाबदल बिनचूक होते. पण स्पेसचा आकडाही ३२ च आहे! एक्सऑर केल्यावर तिथे शून्य उरतं आणि सीच्या लेखी शून्य म्हणजे स्ट्रिंग संपली. दोन शब्द दिले तर छापला जातो फक्त पहिला. चाचणी एकाच शब्दावर घेतली असेल, तर पत्ताही लागत नाही.

फंक्शन अगदी लहान लिहावं. कॅर पॉइंटर (स्ट्रिंगच्या अक्षराचा पत्ता) घ्या, शून्य बाइट लागेपर्यंत लूप फिरवा, तपासा, बदला, पुढे सरका. लूपच्या अटीत स्ट्रलेन, म्हणजे लांबी मोजणारं फंक्शन, नको. आपण त्याच स्ट्रिंगमध्ये लिहीत असल्याने कंपायलर ती मोजणी बाहेर काढेलच असं नाही, आणि मग लाख अक्षरांची लांबी लाखभर वेळा मोजली जाते.

फंक्शनला डबल कोटमधलं लिटरल थेट देऊ नका. ते बदलणं सीमध्ये अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची भाषा हमी देत नाही. लिनक्सवर बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम कोसळतो. आधी कॅर ॲरेत घ्या.

सीमधलं तयार टूअपर फंक्शन वापरणं केव्हाही बरं, पण त्याला अनसाइन्ड कॅरमध्ये (उणे आकडे नसलेल्या प्रकारात) कास्ट करूनच बाइट द्या. 'क' यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये तीन बाइटांचा असतो आणि पहिला बाइट २२४. एक्स८६ प्रोसेसरवर साधा कॅर सहसा साइन्ड (उणे आकडेही धरणारा) असतो, म्हणून तोच बाइट उणे ३२ होऊन आत जातो. टूअपरला चालतात ० ते २५५ आणि ईओएफ (फाइल संपल्याची खूण), बाकी सगळं अनडिफाइन्ड. जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा तक्ता उणे १२८ पासून सुरू होतो, त्यामुळे तिथे ही चूक निमूट खपते आणि दुसऱ्या लायब्ररीवर उघडी पडते.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, तेव्हा ते बाइट आहेत तसे सोडायचे. जर्मनमधल्या 'एस्त्सेट' (ß) या अक्षराचं कॅपिटल मात्र रूढ पद्धतीने दोन 'एस' होतं. एका अक्षराची दोन झाल्यावर बाइटगणिक चालणारं फंक्शन हतबल. तिथे आयसीयूसारखी युनिकोड लायब्ररीच लागते.