आमची वाटचाल : नावाखालची लिंक

वेबसाइटवर वाचक ज्या प्रतिक्रिया लिहितात, त्या सांभाळणं हे आमच्या छोट्या फर्मचं मुख्य काम. आम्ही तिघंच आहोत. मी, माझा भागीदार आणि एक सहकारी, जी कामावर आली की सगळ्यात आधी थांबवून ठेवलेल्या प्रतिक्रियांची रांग उघडते.

सुरुवातीला आम्ही फक्त साइट बांधून द्यायचो. प्रतिक्रियांचा चौकोन साइटबरोबर आपोआप यायचा आणि त्यातून स्पॅमचा, म्हणजे नको असलेल्या जाहिरातबाज प्रतिक्रियांचा लोंढा. कारण उघड होतं. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक, म्हणजे पानाचं महत्त्व मोजायची गूगलची पद्धत मांडली तेव्हापासून एका पानावरून दुसऱ्या पानाला दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारची शिफारस, असं गणित रूढ झालं. दुसऱ्याच्या पानाखाली आपली लिंक डकवली की ती शिफारस फुकटात पदरात पडायची.

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून नोफॉलोची सोय जाहीर केली. लिंकच्या कोडमध्ये हा शब्द घातला की सर्च इंजिन ती शिफारस धरणार नाही. साइट बांधायला आम्ही वापरायचो त्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरने प्रतिक्रियांमधल्या लिंकांना तो आपोआप लावायला सुरुवात केली आणि आम्ही निर्धास्त झालो. पण स्पॅम थांबला नाही. हजारो साइटवर एकदम मजकूर टाकणारा प्रोग्रॅम लिंकला काय लावलंय ते बघत बसत नाही.

आमचे एक ग्राहक सायकल दुरुस्तीची साइट चालवत. तिथे एक निवृत्त मेकॅनिक काका नेमाने लिहायचे. पेडल मारताना साखळी घसरते, अशी कुणी तक्रार केली की ते सांगायचे, साखळीच्या २४ कड्या मोजा. नव्या साखळीत त्या बरोबर १२ इंच भरतात, एक सोळांश इंच वाढल्या असतील तर साखळी बदला. लेखापेक्षा त्यांची उत्तरं जास्त वाचली जायची, हे ग्राहकही कबूल करायचे. काकांची स्वतःची छोटी साइट होती, तिची लिंक त्यांच्या नावाखाली असायची. एक दिवस त्यांनी पानाचा कोड उघडून पाहिला, आपल्या लिंकला नोफॉलो लावलेलं त्यांना दिसलं आणि त्यांनी आम्हाला मेल लिहिला. माझी उत्तरं ठेवता, मग माझ्या नावाची हमी द्यायला का कचरता, एवढंच विचारलं होतं. मला फार लागलं ते. त्यांच्यात आणि स्पॅम टाकणाऱ्यात आम्ही खरंच काही फरक केला नव्हता.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम टाकून सगळ्याच ग्राहकांच्या साइटवरचं नोफॉलो काढलं. त्या सुमारास बरेच ब्लॉगलेखक तसंच करत होते आणि इथे नोफॉलो नाही, असा बिल्ला पानावर अभिमानाने लावत होते. डूफॉलो असा शब्दही रूढ झाला. कोडमध्ये तशी काही वेगळी खूण नसतेच, नोफॉलो नसलं की लिंक साधी राहते, इतकंच. आम्हीही बिल्ला लावला. ती चूक होती. अशा साइटच्या याद्या फिरत होत्या, त्यांत आमच्या ग्राहकांची नावं गेली आणि काही आठवड्यांत रांग तुंबली. या वेळी प्रोग्रॅम नव्हते, माणसं हाताने लिहीत होती. ‘छान माहिती, उपयोगी पडली’ आणि नावाच्या जागी ‘स्वस्त कर्ज’. अकिस्मेटसारखी स्पॅम गाळणारी सोय यंत्राचा मजकूर बऱ्यापैकी पकडते, पण असं हाताने लिहिलेलं गोड बोलणं सुटून जातं. त्या गर्दीत काकांची उत्तरं दिसेनाशी झाली आणि त्यांनी लिहिणं थांबवलं. ग्राहक आमच्यावर रागावले, ते बरोबरच होतं.

त्यानंतर जे ठरलं ते आजही पाळतो. नावाच्या जागी माणसाचं नाव हवं. पहिली प्रतिक्रिया वाचल्याशिवाय दिसत नाही. मजकुरात दोन किंवा जास्त लिंक असतील तर ती रांगेत थांबते, ही सोय वर्डप्रेसमध्ये मुळातच आहे. लेखाला किंवा दुसऱ्या वाचकाला धरून लिहिलेल्या पाच प्रतिक्रिया झाल्या की त्या माणसाच्या नावाखालच्या लिंकवरचं नोफॉलो आम्ही हाताने काढतो. त्याआधी त्याची साइट उघडून वाचतो. यात वेळ जातो, पण हे काम आम्ही यंत्रावर सोपवलेलं नाही.

वर्षातून एकदा या सगळ्या लिंक पुन्हा तपासतो. बऱ्याच जणांना हे सुचतच नाही. माणूस साइट सोडून देतो, डोमेनची मुदत संपते, ते नाव दुसराच कुणी विकत घेतो आणि कालच्या बागकामाच्या साइटवर आज जुगाराची जाहिरात असते. लिंक तशीच राहिली तर आपण जुगाराची शिफारस करतोय.

लिंक दिली की आपल्या पानाची ताकद गळते, अशी भीती ग्राहकांना असायची. २००९ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी स्पष्ट केलं की नोफॉलो लावून वाचवलेला ताकदीचा वाटा पानावरच्या बाकीच्या लिंकांकडे वळत नाही. तो वाद तिथे मिटला. उलट प्रतिक्रियांचा फायदाच होतो, वाचकांच्या प्रश्नांतले शब्द सर्च इंजिनला दिसतात. लोक ज्या शब्दांत अडचण सांगतात, त्याच शब्दांत ती शोधतात, आणि ते शब्द लेख लिहिणाऱ्याला सुचतातच असं नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने वाचकांनी टाकलेल्या लिंकांसाठी यूजीसी आणि पैसे घेऊन दिलेल्यांसाठी स्पॉन्सर्ड अशा दोन नव्या खुणा आणल्या. नोफॉलोही आता हुकूम न राहता नुसता संकेत झाला. सातत्याने चांगलं लिहिणाऱ्यांच्या लिंकवरून ही खूण काढून त्यांची कदर करता येईल, असं गूगलच्या मार्गदर्शनातच आहे. ते वाचलं त्या दिवशी आम्ही तिघांनी काकांची आठवण काढली.

काका पुढे परत आले होते. मी स्वतः मेल करून माफी मागितली होती आणि त्यांची लिंक सगळ्यात आधी मोकळी केली होती. एका वर्षीच्या तपासणीत त्यांचं डोमेन दुसऱ्याकडे गेलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाले, साइट आता झेपत नाही, लिंक काढा, नाव राहू द्या. तसंच केलं. परवा साखळी घसरण्याचा प्रश्न पुन्हा आला. एका तरुण वाचकाने काकांच्या जुन्या उत्तराकडे बोट दाखवून २४ कड्या कशा मोजायच्या ते समजावून सांगितलं. ती त्याची पाचवी प्रतिक्रिया होती. सहकारिणीने त्याची साइट उघडली, दोन लेख वाचले आणि त्याची लिंक मोकळी केली.