सेन्झने शर्यत डोक्याने जिंकली

पोळा आटोपून निघालो आणि गणपती बसायच्या आत जळगावला परत आलो. मधल्या रविवारी, 17 सप्टेंबर 2023 ला, सिंगापूरच्या मरीना बे सर्किटवर फॉर्म्युला वन पाहिली. भाचा तिथे नोकरीला आहे, तिकिटं त्यानेच काढली.

अजिंठा चौफुलीजवळ माझं गॅरेज आहे, त्यामुळे माझं सगळं ध्यान आवाजाकडे. पडांग मैदानाजवळच्या स्टँडमध्ये गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. ब्रेक, खटाखट उतरणारे गिअर, आणि लगेच पुन्हा पिकअप. टीव्हीवर हे कळत नाही. टीव्हीवर भिंतीही लांब वाटतात. इथे टायर आणि काँक्रीट यांच्यात वीतभर जागा. एरवी बस-टॅक्सी धावतात तोच हा रस्ता. चुकलं की भिंतच. उकाडाही वेगळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, पण घाम वाळतो तरी. तिथे रात्री तिशीतच शर्ट पिळून घ्यावा लागतो, आणि हे लोक जाड अग्निरोधक सूट घालून पावणेदोन तास गाडी हाणतात!

त्या वर्षी आधीच्या चौदाही शर्यती रेड बुल संघाने जिंकल्या होत्या. इथे मात्र त्यांचा वर्स्टॅपेन अकराव्या जागेवरून सुटला आणि सगळ्यांत पुढे फेरारीचा कार्लोस सेन्झ. 62 फेऱ्यांतल्या शेवटच्या काही फेऱ्या मी जन्मात विसरणार नाही. मर्सिडीजचे रसेल आणि हॅमिल्टन नवे टायर टाकून मागून झपाट्याने येत होते. मध्ये मॅक्लारेनचा नॉरिस. तेव्हाच्या नियमाने पुढची गाडी एक सेकंदाच्या आत असली की मागच्याला सरळ पट्ट्यावर आपल्या गाडीचा मागचा पंख उघडता यायचा, वेग वाढायचा. सेन्झने नॉरिसला मुद्दाम तेवढ्याच अंतरावर ठेवलं. नॉरिसला वेग मिळत राहिला, रसेलला त्याच्या पुढे जाता येईना, आणि सेन्झपर्यंत कोणी पोहोचलंच नाही.

भाचा कानात ओरडत होता, "मामा, पाहा ना, तो मुद्दाम हळू चालवतोय!"

शेवटच्या फेरीत रसेल भिंतीला घासला आणि तिथेच संपला. सेन्झ 0.812 सेकंदांनी जिंकला. एवढ्या कमी फरकात इतकं शांत डोकं! इंजिन कितीही भारी असू द्या, मला तरी त्या रात्री माणूस मोठा दिसला.

शर्यतीनंतर प्रेक्षकांना ट्रॅकवर सोडतात. कडेला रबराचे वळलेले तुकडे पडले होते, हाताला चिकटत होते.

जाणार असाल तर सरळ रस्त्याच्या मधली जागा घेऊ नका, गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते. वळणाआधी ब्रेक लागतो तिथली घ्या, महाग पडली तरी.