तुम्ही विचारलंत म्हणून : पलंग होणारी क्रिब घ्यावी का?

आमच्या न्यू जर्सीत कुणाकडे डोहाळजेवण असले, की जेवणे आटोपल्यावर होणारी आई, आणि आताशा बहुतेक वेळा होणारे बाबाच, फोनवर एखाद्या लाकडी क्रिबचे, म्हणजे बाळाच्या कठड्याच्या खाटेचे, चित्र उघडून माझ्याजवळ येतात आणि विचारतात, "ताई, ही फोर-इन-वन घ्यावी का? पुढे हिचाच पलंग होतो म्हणे." दोन मुलांची आई आणि घरातल्या सगळ्या फर्निचरची जोडणी स्वतः करणारी, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो आणि त्याचे उत्तर द्यायला मला मनापासून आवडते, कारण बाळासाठी घरात येणाऱ्या असंख्य वस्तूंपैकी, बाळाला जिच्यात एकटे ठेवून आपण रात्रभर डोळे मिटतो, अशी ही एकच वस्तू आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. दुसऱ्या मुलाचा विचार मनात असेल, तर क्रिबचा पुढे पलंग होतो या एका गुणासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. एकच मूल हवे असेल, किंवा दोन मुलांत पाच-सहा वर्षांचे अंतर राहणार असेल आणि घर बदलण्याची शक्यता कमी असेल, तर अशी क्रिब जरूर घ्या. दुकानातली पाटी याच्या नेमकी उलट सांगते. 'वाढत्या कुटुंबासाठी' असे त्या पाटीवर लिहिलेले असते, पण कुटुंब खरोखर वाढले की ही क्रिब बहुधा क्रिबच राहते.

ते कसे, हे समजण्यासाठी तिची रूपे पाहावी लागतात. पहिले रूप चार बाजूंनी कठडे असलेल्या क्रिबचे. दुसऱ्या रूपात पुढचा कठडा काढून त्या जागी छोटा, अर्ध्या लांबीचा कठडा लावतात आणि त्याच गादीवर टॉडलर बेड, म्हणजे चालत्या-फिरत्या लहान मुलाचा छोटा पलंग, तयार होतो. तिसऱ्या रूपात तोही काढून दिवाणासारखी तीन बाजू बंद असलेली बैठक होते. चौथ्या रूपात उशाकडची आणि पायथ्याकडची फळी वेगळी करून, मध्ये लांब पट्ट्या जोडून 'फुल साइझ' पलंग उभा राहतो. कागदावर हा प्रवास जन्मापासून कॉलेजपर्यंतचा दिसतो.

आता मुलांच्या वयाचा हिशेब मांडा. मूल 35 इंच, म्हणजे सुमारे 89 सेंटिमीटर उंच झाले किंवा कठड्यावर पाय टाकून चढू लागले, की त्याला क्रिबमधून बाहेर काढायचे असते. बहुतेक मुलांची इतकी उंची दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान होते. माझ्या मुलीत आणि मुलात दोन वर्षांहून थोडे अधिक अंतर आहे, आणि आपल्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत हे अंतर दोन ते तीन वर्षांचेच असते. म्हणजे थोरल्याच्या क्रिबचे रूप बदलण्याची वेळ आणि धाकट्याला क्रिब लागण्याची वेळ एकच. धाकटे पहिले तीन-चार महिने बॅसिनेटमध्ये, म्हणजे नवजात बाळाच्या छोट्या पाळण्यात, झोपले तरी त्यानंतर त्याला तीच क्रिब, तिच्या पहिल्याच रूपात, हवी असते. थोरल्यासाठी वेगळा पलंग घ्यावाच लागतो. पुढे धाकटे क्रिबमधून बाहेर पडते, तेव्हा तिचा मोठा पलंग करता येतो हे खरे. पण तोवर थोरल्याकडे एका मापाचा पलंग आलेला असतो आणि धाकट्याला दुसऱ्या मापाचा मिळणार असतो.

हा मापांचा प्रश्न किरकोळ नाही. या क्रिबचा शेवटी बहुधा 'फुल' मापाचा पलंग होतो आणि त्याची गादी 54 इंच रुंद, 75 इंच लांब असते. साध्या 'ट्विन' पलंगाची गादी 38 इंच रुंद असते. दोन मुले एका खोलीत झोपणार असतील, तर दोन ट्विन पलंगांना 76 इंच रुंदी पुरते. दोन फुल पलंगांना 108 इंच, म्हणजे पूर्ण नऊ फूट लागतात, आणि दहा-अकरा फुटांच्या खोलीत कपाटाचे दार उघडायलाही जागा उरत नाही. शिवाय त्या चौथ्या रूपात मूळ क्रिबपैकी किती भाग उरतो, तेही पाहा. गादी नवी घ्यावी लागते. लांब पट्ट्यांचा संच बहुतेक वेळा वेगळा विकत घ्यावा लागतो. गादीखालचा आधार अनेकदा त्या संचातही नसतो. उरतात त्या उशाकडची आणि पायथ्याकडची अशा दोन फळ्या. एवढ्यासाठी जड आणि महाग क्रिब घेणे मला पटत नाही.

त्यामानाने दुसरे रूप, टॉडलर बेडचे, खरोखर उपयोगी आहे आणि त्याचे पुरेसे कौतुक होत नाही. छोटा कठडा स्वस्त असतो, गादी तीच चालते आणि पंधरा महिन्यांपासून 50 पौंड वजनापर्यंतच्या मुलांसाठी ही रचना मान्य आहे. 50 पौंड वजन व्हायला पुष्कळ मुलांना सहा-सात वर्षे लागतात. मुलाला ओळखीच्या जागी, ओळखीच्या गादीवर, पण स्वतःच्या पायांनी उतरता येईल अशा ठिकाणी झोपण्याचा आनंद मिळतो. म्हणून साधी क्रिब घेतानाही तिला टॉडलर बेडचा कठडा मिळतो की नाही, एवढे मी नक्की पाहायला सांगते.

मोठा पलंग होणारी क्रिब घ्यायचीच असेल, तर त्या लांब पट्ट्या त्याच दिवशी घ्या. प्रत्येक मॉडेलच्या पट्ट्यांची छिद्रे वेगळ्या ठिकाणी असतात, एका कंपनीच्या पट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या फळ्यांना बसत नाहीत, आणि चार-पाच वर्षांनी तुम्ही त्या शोधायला जाल तेव्हा ते मॉडेलच बंद झालेले असण्याची दाट शक्यता असते. आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. इथे नोकरीसाठी लागणारा एच-वन-बी व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो, नोकरी बदलली की गाव बदलते, आणि परत जाण्याचा विचारही पूर्ण सुटलेला नसतो. अशा वेळी दहा-पंधरा वर्षांचा पलंग आज बांधून ठेवण्यापेक्षा, दोन माणसांना सहज उचलता येईल आणि काम झाल्यावर दुसऱ्या घरी देता येईल अशी हलकी क्रिब बरी.

हे झाले पैशांचे आणि जागेचे. माझ्या मते क्रिब निवडायची ती पहिल्या वर्षाकडे पाहून, आणि तिथे मी कोणतीही सवलत देत नाही.

जुनी क्रिब घेणाऱ्यांना मी सर्वांत आधी तिची तारीख पाहायला सांगते. क्रिबवर कुठेतरी कंपनीचे नाव, मॉडेल आणि उत्पादनाची तारीख छापलेली असते. 28 जून 2011 पासून अमेरिकेत क्रिबचे नियम कडक झाले आणि खाली सरकणाऱ्या कठड्याच्या क्रिबच्या विक्रीवर बंदी आली. त्या सरकत्या कठड्यांच्या बिघाडांमुळे 2000 सालानंतर किमान 32 बाळे दगावल्याचे कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या वस्तूंची सुरक्षितता पाहणाऱ्या सरकारी संस्थेने नोंदवले होते. बाळाला आधी कुणीतरी वापरलेले, मऊ झालेले कापड घालण्याची आपली रीत मला फार प्रिय आहे आणि माझ्या दोन्ही मुलांनी ती झबली घातली. पण क्रिबच्या बाबतीत जून 2011 च्या आधीची वापरलेली क्रिब मी घेऊ देत नाही. त्यानंतरची क्रिब असेल, सगळे नट-बोल्ट मूळचे असतील आणि माहितीपत्रक हाताशी असेल, तर जुनी क्रिब घेण्यात कमीपणा नाही.

मग मोजपट्टी घ्या. दोन उभ्या दांड्यांमधले अंतर 2 3/8 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 6 सेंटिमीटरपेक्षा, जास्त नसावे. पट्टी नसेल तर सोड्याचा नेहमीचा कॅन दांड्यांच्या मधून घालून पाहा. तो आत गेला तर ती क्रिब नको. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोनांपेक्षा जास्त बोटे जाता कामा नयेत. गादी सहा इंचांपेक्षा जाड नसावी आणि इतकी घट्ट असावी की तळहात दाबून उचलल्यावर खळगा राहू नये. मोठ्यांना ती कडक वाटते. बाळासाठी ती तशीच हवी.

यानंतरची परीक्षा दुकानातच करता येते आणि ती मी अनेकांकडून करून घेतली आहे. सरकता कठडा गेल्यापासून आपल्याला पूर्ण उंचीच्या कठड्यावरून वाकून बाळाला ठेवावे लागते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बायकांची उंची पाच फुटांच्या आसपास असते. गादीचा आधार तीन-चार उंचींवर लावता येतो. नवजात बाळासाठी सर्वांत वर, ते बसू लागायच्या किंवा हातापायांवर उठायच्या सुमारास खाली, आणि धरून उभे राहण्याआधी अगदी तळाला. दुकानातली क्रिब बहुधा वरच्या उंचीवर मांडलेली असते. विक्रेत्याला आधार तळाला लावायला सांगा, आणि इंडियन ग्रोसरीतली दहा पौंडांची तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी, आवाज न करता, गादीवर ठेवून पाहा. कठडा काखेत रुतत असेल, टाचा उचलाव्या लागत असतील किंवा पिशवी शेवटच्या चार इंचांत हातातून सुटत असेल, तर पुढची बाजू बुटकी असलेली क्रिब शोधा. सिझेरियननंतर पहिल्या आठवड्यांत हे वाकणे किती जड जाते, ते ज्यांनी सोसले आहे त्यांनाच ठाऊक. उशाकडची उंच, कोरीव फळी फोटोत राजेशाही दिसते. आईच्या कंबरेला तिचा काही उपयोग नसतो.

दारांची रुंदीही मोजा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या सल्ल्यानुसार पहिले किमान सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर, पाठीवर झोपावे. म्हणजे क्रिब आधी तुमच्या खोलीत आणि नंतर बाळाच्या खोलीत जाणार. मोठ्या फळ्यांची क्रिब जुन्या घरांच्या अरुंद दारांतून अखंड जात नाही. ती प्रत्येक वेळी खोलावी लागते, आणि लाकडातले बोल्ट वारंवार काढले-घातले की त्यांची पकड सैल होते. छोट्या अपार्टमेंटमध्ये मी मिनी क्रिब सुचवते. तिची गादी सुमारे 24 बाय 38 इंचांची असते आणि काही मॉडेलांचा पुढे ट्विन पलंगही होतो, जो मला फुल पलंगापेक्षा अधिक कामाचा वाटतो.

आता आजीचा विषय, आणि तो मी पूर्ण आदराने काढते. पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापुरातून आजी बाळंतपणासाठी येतात तेव्हा बॅगेत हाताने शिवलेली दुपटी, गोधडी आणि बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी असते. क्रिबच्या उघड्या दांड्या पाहून त्यांना बाळाला लागेल, वारा येईल असे वाटते आणि चारी बाजूंनी मऊ गाद्या बांधाव्यात असे त्या सुचवतात. तशा कापूस भरलेल्या बंपरवर 2022 च्या सेफ स्लीप फॉर बेबीज ॲक्टने बंदी घातली, कारण बाळाचे तोंड त्यात दबून श्वास कोंडू शकतो. उशी, गोधडी आणि सैल दुपटे यांनाही बाळ झोपलेले असताना क्रिबमध्ये जागा नाही. तिथे फक्त गादी आणि घट्ट बसलेली चादर असावी, आणि थंडीसाठी अंगात घालायची झोपपिशवी, म्हणजे स्लीप सॅक. आजीला हे येण्यापूर्वी फोनवरच सांगावे. माझ्या आईने आणलेली गोधडी आम्ही दिवसा जमिनीवर अंथरली, तिच्यावर मुले पालथी पडायला आणि रांगायला शिकली, आणि आईला ते मनापासून आवडले.

क्रिब जोडून झाली की दोन कामे उरतात. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट पान्याने घट्ट करा, कारण उभे राहायला शिकलेले मूल कठडा धरून जोराने हलवते. आणि खोक्यातले नोंदणीकार्ड भरून पाठवा, म्हणजे क्रिबमध्ये दोष निघाला तर कंपनी तुम्हाला थेट कळवू शकते. 1998 साली शिकागोतल्या एका पाळणाघरात डॅनी केसार नावाचा दीड वर्षाहूनही लहान मुलगा घडीची क्रिब मिटून तिच्यात अडकल्याने गेला. ती क्रिब बाजारातून परत मागवल्याला पाच वर्षे झाली होती, पण ती बातमी त्या पाळणाघरापर्यंत पोहोचली नव्हती. त्याच्या आईवडिलांनी पुढे केलेल्या कामामुळे 2008 च्या कायद्यात असे कार्ड देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, आणि ते कलम त्याच्या नावाने ओळखले जाते. ते कार्ड भरायला पाच मिनिटे लागतात. पत्ता बदलला तर कंपनीला नवा पत्ता कळवा, आणि क्रिब पुढे कुणाला दिलीत तर मॉडेल नंबराच्या चिठ्ठीचा फोटो, माहितीपत्रक आणि उरलेले बोल्ट एका पाकिटात घालून तिच्याबरोबर द्या.