बॅडलँड्सची तयारी : सिंहगड नको, माणदेश हवा

बॅडलँड्स या स्पेनमधल्या कच्च्या वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीला नाव घातल्यापासून सायकलच्या ग्रुपवरचा जो तो एकच सल्ला देतोय : सिंहगड मार, महाबळेश्वर मार, पाय तयार होतील. होतील की. एकूण चढ १६,००० मीटरच्या घरात आहे म्हटल्यावर पाय लागणारच. पण ग्रानादाहून निघणारी ही सुमारे ८०० किलोमीटरची वाट गोराफे आणि ताबेर्नासच्या ओसाडीतून जाते. तिथे दमवणार ते ऊन, वाळू आणि पाणी, असं माझं मत. त्याची तालीम झाडीतल्या गार घाटात होत नाही. म्हणून या खेपेला मी फलटण-दहिवडीकडे वळलो, तेही मे महिन्यात.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात : ही सगळी स्वतःच्या जिवावर करायची भानगड. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरं करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, निदान कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी) घरचं कुणी डबा घेऊन भेटू शकतं, इथे तेही चालत नाही. जे सगळ्या स्पर्धकांना सारखंच मिळू शकतं, दुकान, हॉटेल, गावातला नळ, तेवढंच घ्यायचं. २०२० साली पहिल्याच खेपेला लॅकलन मॉर्टन या व्यावसायिक सायकलपटूने ही वाट ४४ तासांच्या आत संपवली. त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. मी मुदतीत पोचलो तरी पेढे वाटीन.

पहिला टप्पा नीरा उजव्या कालव्याच्या कडेने. उन्हाळी आवर्तन सुटलेलं, एका बाजूला पाणी वाहतंय, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मधल्या मुरमावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआय. सामान लादून माझ्या वजनाला हे बरोबर बसतंय. याहून जास्त हवा भरली की मनगटं बोलायला लागतात.

खरी परीक्षा घेतली ती वेड्या बाभळीने. फलटण सोडून कच्च्याला लागल्यावर मागच्या चाकातून टक्-टक् आवाज. बोटभर लांबीचा काटा टायरमध्ये मुळापर्यंत रुतलेला, भोवती सीलंटचा, म्हणजे भोक बुजवायला टायरमध्ये भरलेल्या द्रवाचा, पांढरा ओलसर ठिपका. अशा वेळी काटा लगेच उपटायचा मोह होतो. तो आवरायचा. हवा टिकतेय ना, मग सावली आणि सपाट जागा मिळेपर्यंत चालू द्यायचं. मग काटा ओढायचा, ओढताक्षणी भोक खाली येईल असं चाक फिरवायचं आणि तसंच धरून थांबायचं. सीलंट तिथे गोळा होतं, थोडं फसफसतं, बसतं. तरी हवा निघत राहिली तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टी. दुसरं म्हणजे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट फार लवकर सुकतं. डब्यावर लिहिलेल्या महिन्यांवर जाऊ नका, व्हॉल्व्ह काढून आत काडी घालून बघा.

मोगराळे घाट डांबरी आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. चढलो.

मला गाठायचं होतं ते माणगंगेचं पात्र. स्पेनमधल्या त्या भागात कोरड्या नद्यांची पात्रं आहेत, त्यांना रांब्ला म्हणतात. वाळू आणि गोटे, त्यातूनच वाट. दहिवडीच्या पुढे उन्हाळ्यातली माण नदी हुबेहूब तशीच. गिअर आधीच हलका करायचा, वजन मागे न्यायचं, हँडल सैल धरून पुढचं चाक जाईल तिकडे जाऊ द्यायचं, आणि पुढच्या ब्रेकला बोटही लावायचं नाही. हवा २४ पर्यंत उतरवली तेव्हा चाक वाळूत रुतायचं थांबून वर चालायला लागलं. शंभरेक मीटर सलग जमलं की खाली उतरणं, पुन्हा मागे येणं, पुन्हा तेच. काठावर मेंढरं घेऊन बसलेले एक आबा बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून ओरडले, “पाव्हणं, वर डांबरी हाय की! नदीत कशाला घातलीया?”

“मुद्दाम, आबा. सराव करतोय.”

“कशाचा?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्पेनचं नाव काढून गोष्ट वाढवली नाही.

दुपारी गोंदवल्याला महाप्रसाद घेतला. रात्री ग्रुपवर वाद पेटला : हे नियमात बसतं का? माझं म्हणणं, येईल त्याला पंगतीत पान मिळतं, म्हणजे नियमाचा अर्थ यापेक्षा चांगला कुठे पाळला जाणार? मामाच्या गावी जाऊन जेवलो असतो तर गोष्ट वेगळी.

पाण्याचा हिशोब मात्र ताशी पाऊण लिटरच्या खाली येत नाहीये, तेही मीठ-साखरेचं घोट घोट घेत असताना. आपल्याकडे दर फाट्यावर टपरी, म्हणून चाललं. तिकडे लहान गावातली दुकानं दुपारी दोन ते पाच बंद असतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. म्हणून फ्रेमवर तीन बाटल्या आणि बॅगेत दोन लिटरची पिशवी, असं पाच लिटरच्या आसपास ठरवतोय. एवढं पाणी भरलं की सायकल चढाला रुसते, पण दोन गावांच्या मध्ये कोरडं पडण्यापेक्षा ते परवडलं.

अडलेली गोष्ट एकच, डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरलं की वीज देणारा चाकाचा तुंबा. सपाटीला दिवा आणि जीपीएस दोन्ही मजेत चालतात. चढावर वेग ताशी दहाच्या खाली गेला की चार्जिंग जवळपास बंद, आणि या वाटेवर चढ म्हणजे तासन्‌तास तोच वेग. सध्या दहा हजार एमएएचची पॉवर बँक मध्ये टाकून बघतोय : डायनॅमोने ती भरायची, तिने बाकीचं. काहींच्या पॉवर बँका एकाच वेळी भरत आणि देत नाहीत. कुणाकडे हे व्यवस्थित चालणारी असेल तर मॉडेल सांगा. पुढची राइड रात्रीची आहे, म्हसवडहून आटपाडीकडे, तोवर हे सोडवायचंय.