मुलाच्या वाट्याचे पैसे

माझी मावसबहीण आणि तिचे पती वेगळे राहायचे ठरवून माझ्यासमोर बसले, तेव्हा दोघांच्याही तोंडी आकडे तयार होते. ते म्हणाले, “ताई, मला महिन्याला एवढेच झेपेल.” ती म्हणाली, “ताई, एवढ्यात माझे भागायचे नाही.” माझे सगळे आयुष्य हिशेबाच्या कामात गेलेले असल्यामुळे दोघांनी विश्वासाने मला मध्ये बसवले होते. पण त्या दोन्ही वाक्यांत त्यांची नऊ वर्षांची मुलगी कुठेच नव्हती, ही गोष्ट मला त्या संध्याकाळी फार लागली.

‘पोटगी’ हा आपला शब्दही या गोंधळाला थोडा कारणीभूत आहे. तो कानावर पडला की एकाने दुसऱ्याला द्यायची, बहुतेकदा नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम डोळ्यांसमोर येते. मुलाच्या निर्वाहाची रक्कम ही त्याहून वेगळी बाब आहे. ती मुलाची असते, आणि मूल ज्याच्याजवळ राहते तो पालक ती केवळ मुलाच्या वतीने स्वीकारतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील २७ व्या कलमात, आपल्या कुवतीप्रमाणे मुलाच्या वाढीसाठी आवश्यक परिस्थिती मिळवून देण्याची प्राथमिक जबाबदारी आईवडिलांवर टाकली आहे, आणि वेगळे राहणाऱ्या पालकाकडून, तो परदेशात असला तरी, निर्वाहखर्च वसूल होईल अशी व्यवस्था करण्याचे बंधन सरकारांवर घातले आहे. म्हणून ‘मला किती झेपेल’ आणि ‘माझे किती भागेल’ हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवून, हे घर एकच राहिले असते तर या मुलीवर किती खर्च झाला असता, या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे मी त्यांना सुचवले.

अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांची पद्धत याच प्रश्नावर उभी आहे. दोघांच्या उत्पन्नाची बेरीज करायची, तेवढ्या उत्पन्नाचे कुटुंब मुलावर साधारण किती खर्च करते ते ठरलेल्या तक्त्यात पाहायचे आणि तो खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात दोघांत वाटायचा. समजा, दोघांचे मिळून उत्पन्न १०० भाग आहे, त्यात वडिलांचे ६० आणि आईचे ४०, आणि मुलाचा खर्च २० भाग निघाला. तर वडिलांचा वाटा १२ आणि आईचा ८. मूल आईजवळ असेल तर वडील १२ भाग तिच्याकडे देतात, आणि आईचे ८ भाग घरातच खर्च होतात असे धरले जाते. ब्रिटनमध्ये मात्र सांभाळणाऱ्या पालकाचे उत्पन्न पाहतच नाहीत. सर्वसाधारण मूळ दराने, पैसे देणाऱ्या पालकाच्या आठवड्याच्या करकपातीपूर्वीच्या एकूण उत्पन्नाचे एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६ आणि तिघांसाठी किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के घेतले जातात. जर्मनीत १९६२ पासून ‘ड्युसेलडॉर्फ तक्ता’ वापरात आहे; तो आता त्या शहरातले उच्च प्रादेशिक न्यायालय काढते. त्यात उत्पन्नाच्या गटाबरोबर मुलाचे वयही पाहिले जाते, म्हणजे सहावे आणि बारावे वर्ष पूर्ण झाले की रकमेची पायरी चढते. वय मोजणारी ही पद्धत मला अधिक समंजस वाटते, कारण तीन वर्षांच्या मुलाचा आणि तेरा वर्षांच्या मुलाचा खर्च एक नसतो, हे मुले वाढवलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. भारतात कायद्याने ठरवलेली टक्केवारी किंवा तक्ता नाही. दोन्ही पालकांची मिळकत, राहणीमान आणि मुलाच्या गरजा पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात.

पद्धत कोणतीही असो, खरी ओढाताण होते ती ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचे यावर. पगारदाराचा पगार कागदावर दिसतो. धंदा असलेल्या माणसाचा घरखर्च मात्र अनेकदा धंद्याच्या खात्यातून चालतो आणि हाती उरलेला नफा नाममात्र दाखवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले, ते याचसाठी. कोणी रक्कम कमी व्हावी म्हणून मुद्दाम नोकरी सोडली, तर शिक्षण आणि अनुभव पाहून तो जितके कमावू शकतो तितके उत्पन्न धरण्याची मुभा अनेक देशांतील न्यायालयांना आहे. मात्र आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल ही कारणे ‘मुद्दाम’ या सदरात मोडत नाहीत, आणि तो फरक करताना फार काळजी घ्यावी लागते.

सर्वांत नाजूक हिशेब रात्रींचा असतो. ब्रिटनमध्ये मूल पैसे देणाऱ्या पालकाकडे वर्षातून ५२ रात्री राहिले की रक्कम एक सप्तमांशाने कमी होते, १०४ रात्रींना दोन सप्तमांशाने, १५६ रात्रींना तीन सप्तमांशाने. म्हणजे ५१ आणि ५२ यांत एका रात्रीचे अंतर, पण रकमेत वर्षभराचा फरक. मग कॅलेंडरवर खुणा करणे सुरू होते, आणि मुलाची सुट्टी हा वादाचा विषय बनतो. ऑस्ट्रेलियात ३५ टक्के रात्रींच्या पुढे हा फरक टक्क्याटक्क्याने वाढवत नेला आहे, त्यामुळे धक्का थोडा सौम्य होतो. माझ्या समोरच्या टेबलावर हे सगळे एका वहीच्या पानावर उतरले. मुलगी आठवड्यातून दोन रात्री वडिलांकडे जाणार म्हणून तिथे दुसरे अंथरूण, दुसरा दात घासायचा ब्रश, शाळेच्या गणवेशाचा दुसरा जोड लागणार होता. आणि त्या दोन रात्रींत आईच्या घराचे भाडे किंवा शाळेची फी एका पैशानेही कमी होणार नव्हती. दोघेही खरेच बोलत होते. दोन घरे चालवताना खर्च वाढतोच, आणि म्हणूनच अमेरिकेतील काही राज्ये मूल दोन्हीकडे बराच काळ राहत असेल तर तक्त्यातला खर्च दीडपट धरून मग तो दोघांत वाटतात.

दवाखाना, शिकवणी, सहल असे अधूनमधून येणारे खर्च मासिक रकमेत कोंबू नयेत; ते उत्पन्नाच्याच प्रमाणात वेगळे वाटून घेणे बरे.

ठरलेली रक्कम कायमची नसते, हे मात्र बरेच जण विसरतात. नोकरी गेली तर रक्कम आपोआप कमी होत नाही. अर्ज करून बदलून घ्यावी लागते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार थकलेला हप्ता मागे जाऊन माफ करता येत नाही, त्यामुळे अर्जाला उशीर करणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज साचत जाते. ज्याची अडचण खरी आहे त्याने ती पहिल्याच महिन्यात लेखी मांडावी. माझ्या बहिणीने आणि तिच्या पतींनी दरवर्षी जून महिन्यात एकमेकांना उत्पन्नाचे कागद दाखवायचे, असे करारात लिहून घेतले. या जूनमध्ये वहीत चष्म्याची नवी ओळ आली. मुलीचा नंबर वाढला होता. ती ओळ वडिलांनी स्वतः लिहिली आणि तिच्यापुढे साठ-चाळीसचा हिशेबही मांडला.